फॅमिली रूममधला हक्कांचा बोर्ड

ग्राहक हा राजा आहे. राजानं कुठं बसायचं, हे मात्र वेटर ठरवतो.

टेंभुर्णीच्या बाजारात एक चांगलं हॉटेल आहे. (नाव देत नाही, मालक भला माणूस आहे.) तिथं ग्राहकांच्या हक्कांचा मोठा बोर्ड आहे. प्यायचं पाणी फुकट मागता येतं. सेवा शुल्क नको असेल तर नाही म्हणता येतं. विटलेली भाजी परत करता येते. बोर्ड फॅमिली रूममध्ये लावलाय, कारण बाहेरच्या हॉलमध्ये तो धुरानं काळा होतो. त्यामुळं एकट्या पुरुषाला हक्क आहेत, फक्त वाचता येत नाहीत. व्यवस्था म्हणून यात दोष काढता येणार नाही.

मी मात्र तो बराचसा वाचलेला आहे. बाजाराच्या दिवशी मी आणि माझी बायको दुर्गाबाई तिथंच बसायचो. ती शेवभाजी सावकाश खायची, आणि पाणी आलं की वेटरला विचारायची, "माठातलं हाय का टाकीतलं?" बोर्ड तिच्या पाठीमागं होता. शेवटचं कलम तिच्या डोक्याआड जायचं.

दुर्गाबाई उन्हाळ्यात वारली. दिवाळीनंतर मी बाजाराला गेलो आणि पडदा सारून नेहमीच्या टेबलाकडं निघालो. वेटर मच्छिंद्र आडवा आला.

"काका, फॅमिली कुठंय?"

"न्हाई आता."

"मंग हॉलमधी बसा. हिकडं फॅमिलीलाच हाय."

"मी बी फॅमिलीतलाच की रे. उरलेला."

यावर नियमात तरतूद नव्हती, म्हणून त्यानं मालकाला, रामकिसनशेठला, बोलावलं. एकटा पुरुष म्हणजे त्रास आणि फॅमिली म्हणजे सभ्यता, असं हॉटेलशास्त्र मानतं. (बायकोला चारचौघांत झापणारा माणूसही फॅमिलीत मोडतो. त्याच्यासाठी पडद्याची सोय आहे.) शेठनी डोकं खाजवून मार्ग काढला.

"दोन ताटं सांगा भुजंगराव. दोन ताटं म्हंजे फॅमिली. बिलकुल कायद्यात बसतं."

दोन ताटं आली. एक माझ्यापुढं, एक समोरच्या खुर्चीपुढं. मच्छिंद्रनं दोन ग्लास भरले आणि कुणी न विचारताच म्हणाला, "माठातलं हाय."

समोर कुणी नसल्यामुळं शेवटचं कलम मला पहिल्यांदाच दिसलं: 'इतर ग्राहकांमुळे गैरसोय होत असल्यास मालकाकडे तक्रार करावी.'

शेजारच्या टेबलावर चौघांचं कुटुंब होतं, चार मोबाइलमध्ये बसलेलं. त्यातल्या बापानं मान वर केली. त्यानं भरलेलं ताट पाहिलं, रिकामी खुर्ची पाहिली आणि कलमाची अंमलबजावणी केली.

"ओ शेठ, ते बाबा खुर्चीसंगं बोलून राह्यलेत. लेकरं भ्यालीत."

(मी फक्त "जेव" एवढंच म्हणालो होतो. लेकरांनी मान वर केलेली नव्हती.)

तक्रार रीतसर होती. मी हॉलमध्ये गेलो. मच्छिंद्रनं माझ्यामागं ताटं आणली. दोन्ही.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी आपला हक्क बजावला. ते तुम्हीच होता, असंही मी म्हणत नाही. मोबाइलमुळं तोंड नीट दिसलं नाही. पण तुम्ही शेवटचे हॉटेलात जेवलात, तेव्हा तुमच्या समोरच्या माणसानं काय खाल्लं, तेवढं न अडखळता सांगा.