टाचेचा नेम

"सर, मुलींना आठशे मीटरच्या पुढे पळता येत नाही, असं तुम्हाला नक्की कोणी सांगितलं?"

हा प्रश्न अंतराचा नव्हताच. तो रियाने रचला होता, त्यात 'नक्की' नम्रताने घातला होता आणि 'विचारून दाखव, मग मानू तुला' असं दोघींनी मिळून म्हटलं होतं. अंतराने फक्त तोंड पुरवलं. नववीत आल्यापासून तिला कुठल्याही कामासाठी तोंड पुरवायला फार आवडायला लागलं होतं. आठवीपर्यंत हीच मुलगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची, हे आता कोणाला सांगून खरं वाटलं नसतं.

जगदीश सरांनी तोंडातली शिट्टी बाहेर काढली. सर ओरडणार म्हणून मैदानावरच्या सगळ्या मुली सावरून उभ्या राहिल्या. पण सरांनी खिशातून वही काढली.

"कोणीच नाही सांगितलं. तालुक्याला मुलींची तीन हजारची शर्यत आहे. आपल्या शाळेतून एकही नाव येत नाही म्हणून दर वर्षी हा रकाना मोकळा जातो. तुझं टाकू?"

रिया आणि नम्रता एकदम आभाळाकडे बघायला लागल्या, जणू त्या दुसऱ्याच शाळेतून चुकून इथे आल्या होत्या. अंतराला म्हणायचं होतं, की सर, विचारायचं ठरलं होतं, पळायचं नव्हतं. पण तोंड सवयीने पुढे निघून गेलं होतं.

"टाका की," ती म्हणाली.

दहिवलीतल्या घरी ही बातमी दोन प्रकारे घेतली गेली. बाबांचं, म्हणजे मधुकररावांचं, कर्जतच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, "छान," म्हणाले आणि पुन्हा चष्म्यातून पेपर वाचायला लागले. आईचं तसं नव्हतं. शैलाताईंना घर चालवून उरलेल्या वेळात अख्खी गल्ली चालवायची सवय होती, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीला नियम लावल्याशिवाय चैन पडत नसे.

"पळ," त्या म्हणाल्या. "पण पाय दुखतोय, लचकलाय, मुरगळलाय, यातलं एक जरी माझ्या कानावर आलं, तर पळणं बंद आणि सकाळी सहाचा गणिताचा क्लास चालू. कबूल?"

"कबूल," अंतरा म्हणाली. पाय दुखणं ही वयस्कर माणसांची गोष्ट असते, असा तिचा तोपर्यंत समज होता.

शर्यतीला दीड महिना होता. शहाण्या माणसाने दीड महिन्यात हळूहळू वाढवलं असतं ते अंतराने एका आठवड्यात वाढवलं. सोमवारी कालव्याच्या रस्त्याने दोन किलोमीटर, बुधवारी पाच, शनिवारी भिवपुरीच्या बाजूचा चढ चढून आठ. तेही शाळेच्या पातळ तळाच्या काळ्या बुटांत. रविवारी सकाळी ती पलंगावरून उतरली आणि मोरीपर्यंत बदकासारखी गेली. उजव्या टाचेच्या मागे, दोन बोटं वर, कोणीतरी गाठ मारून ठेवल्यासारखं वाटत होतं. गंमत म्हणजे दहा मिनिटं चालल्यावर सगळं नीट झालं. म्हणून ती पुन्हा पळली. सोमवारी सकाळी बदक पुन्हा हजर.

रियाची मावसबहीण सुरभीताई पनवेलला फिजिओथेरपी शिकत होती. अंतराने गच्चीवर जाऊन तिला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइलपुढे टाच धरली.

"पोटरीचा स्नायू टाचेला जिथे बांधलेला असतो ना, ती जाड दोरी आहे," सुरभीताईने सांगितलं. "अकिलिस टेंडन. तू तिच्यावर एकदम भार टाकलास, ती रुसली. आता चढ नाही, उड्या नाहीत, अनवाणी फिरणं नाही. टाचेखाली बुटात जाड कापड घाल. दुखलं तर बर्फ. आणि पायरीच्या कडेला चवड्यावर उभी राहून टाच हळूहळू खाली सोडायची. पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, पंधराचे तीन गुडघा वाकवून. सकाळ-संध्याकाळ. थोडं दुखेल, ते चालेल. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर कमी कर. आणि कधी टचकन आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता आलं नाही, तर हे सगळं सोडून सरळ डॉक्टरकडे जायचं."

"किती दिवस करायचं?"

"बारा आठवडे."

"ताई, पाच आठवड्यांनी शर्यत आहे."

"मग टाचेला सांग तसं. शिट्ट्या मोजून शिजत नाही ती."

राहता राहिला प्रश्न पायरीचा. घराच्या पायरीवर उभं राहिलं की आई विचारणार. शाळेच्या पायरीवर उभं राहिलं की अख्खी शाळा विचारणार. अंगणात एकच पायरी अशी होती जिच्यापाशी उभं राहिलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, ती तुळशीवृंदावनाची. उंची बरोबर, धरायला वृंदावनाचा कठडा आणि तुळशीचं लग्न आठ दिवसांवर.

तिसऱ्याच दिवशी आईने पाहिलं. मुलगी सकाळी सहा वाजता, आंघोळ करून, तुळशीपुढे डोळे मिटून उभी आहे आणि संथपणे खाली-वर होते आहे. डोळे दुखण्यामुळे मिटले होते, पण ते मागून दिसत नाही.

"काय करतेयस गं?"

अंतराचं तोंड, जे कधी अडखळत नव्हतं, ते नेमकं आत्ता अडखळलं. "ते... नेम आहे."

"कसला?"

"बारा आठवड्यांचा."

शैलाताईंनी तिथल्या तिथे तुळशीला हात जोडले. कालपर्यंत जिला देवापुढे निरांजन लाव म्हटलं तर लायटर शोधायला अर्धा तास लागायचा, तिने बारा आठवड्यांचा नेम धरला होता. मनातलं मागणं विचारायचं नसतं, म्हणून त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी फक्त पायरीपुढे रांगोळी घातली, उदबत्ती लावली आणि म्हणाल्या, "बूट काढ आधी. तुळशीपुढे पायताण घालतात का?"

अंतराने बूट काढले आणि संध्याकाळपासून टाचेचं कापड मोज्यात लपवलं.

दूध घालायला येणाऱ्या सोनाबाई त्या दिवशी फाटकातच थांबल्या. अंतराला त्यांनी खालून वरपर्यंत पाहिलं, खरं तर खालूनच जास्त पाहिलं.

"पोरीचं काय चाललंय वं, ताई?"

"नेम धरलाय तिने," शैलाताई हळू आवाजात म्हणाल्या. मात्र तो हळू आवाज समोरच्या पारूकाकूंना त्यांच्या ओट्यावर नीट ऐकू गेला.

"आसं हाय व्हय," सोनाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुधाची किटली खाली ठेवून त्या स्वतः पायरीवर चढल्या. "सांग पोरी, कितीदा?"

सोनाबाईंच्या मागून पारूकाकू आल्या. पारूकाकूंच्या मागून त्यांच्या दोघी जावा आल्या. दहा दिवसांत पायरीपुढे सात बायकांची रांग लागली. अंतराला स्वतःच्याच टाचेसाठी नंबर लावावा लागत होता. शैलाताईंनी वेळा ठरवून दिल्या आणि नेमाचा अर्थही लावून दिला.

"एकदा सरळ आणि एकदा वाकून असं का गं?" एका जावेने विचारलं.

"सरळ म्हणजे मागणं, वाकून म्हणजे आभार," शैलाताई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या.

ते ऐकून अंतराला क्षणभर स्वतःलाच वाटलं, की असेलही.

गोंधळ पारूकाकूंच्या भक्तीने केला. पंधराचे तीन हा आकडा त्यांना देवापुढे फारच चिक्कू वाटला. त्यांनी पहिल्याच गुरुवारी एकदम एकशे आठ केले. जावांनीही केले, कारण जाऊ मागे पडली अशी बातमी त्यांना सासरी चालणार नव्हती. शुक्रवारी तिघी जणी भिंत धरून जिना उतरल्या. शनिवारी बाजारात गेल्या तर तिघींची चाल अशी, की समोरून येणारी माणसं वाट सोडून उभी राहिली. मधुकररावांनी दुकानातून ते पाहिलं, तिघींना आत बोलावलं आणि डोळे तपासले. "पाय अंदाजाने टाकताय तुम्ही," ते कळवळ्याने म्हणाले. "नंबर वाढलेत." एका जावेने चष्मा घेतलासुद्धा.

रविवारी सकाळी सातही जणी अंगणात बसल्या. त्यातल्या तिघी पाय लांब करून.

"शैला, नेमात काहीतरी चुकलंय," पारूकाकू म्हणाल्या. "पोटऱ्या दगड झाल्यात. कोप झाला असं ही म्हणते."

"मी नाही म्हटलं, तुम्हीच म्हणालात," धाकटी जाऊ म्हणाली.

"आता शांतीसाठी दोनशे सोळा करायचं म्हणतोय आम्ही."

शैलाताई चपापल्या. "अंतरा, तू सांग बाई. नेम तुझा आहे."

अंतराच्या एका बाजूला होती शर्यत आणि दुसऱ्या बाजूला होत्या पारूकाकूंच्या पोटऱ्या. गप्प बसलं तर शर्यत वाचत होती. पण दोनशे सोळानंतर पारूकाकू वाचतील की नाही, याची खात्री नव्हती. ती पारूकाकूंकडे वळली.

"काकू, हा नेम नाहीये. व्यायाम आहे. माझी टाच दुखतेय. खूप पळाले ना, म्हणून. तुम्ही जे केलंत तेच मी केलं होतं, एकदम जास्त. दोनशे सोळा करू नका. चार दिवस थांबा, मग पाच-पाचने सुरू करा."

शैलाताईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. पारूकाकूंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी सोनाबाई बोलल्या.

"मला पैल्याच दिशी कळलं व्हतं. पोरगी सकाळची बदकागत चालत व्हती. ही घोडनस हाय, टाचंमागची. माजीबी वरीसभर दुखत व्हती, बांध चढता येत नव्हता. आता चढते."

"मग बोलला का नाहीत?" शैलाताईंनी विचारलं.

"तुमी येवढ्या खुशीत व्हत्या, ताई. आन मला गुण येत व्हता. मोडता कशाला घालू?"

"म्हणजे शैला, तुळशीचा याच्याशी काही संबंध नाही?" पारूकाकूंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

गल्ली चालवणाऱ्या बाईला या प्रश्नाचं उत्तर एकाच प्रकारे देता येतं. शैलाताई उठून उभ्या राहिल्या.

"संबंध कसा नाही? तुळस आरोग्यासाठीच असते. पोरगी तालुक्याला तीन हजार मीटर पळणार आहे, त्यासाठी धरलाय नेम. मला सगळं माहीत होतं. फक्त कोणीही पंधराच्या वर जायचं नाही, एवढं सांगायचं राहिलं."

अंतराने आईकडे पाहिलं. आईने अंतराकडे पाहिलं. त्या एका नजरेत गणिताचा क्लास, खोटं बोलल्याबद्दलचा हिशेब आणि 'आता पळणं बंद केलं तर मी या बायकांना काय सांगू' हे सगळं होतं. त्यातलं शेवटचं जिंकलं.

नंतरचे दोन आठवडे अंतराची टाच ही सार्वजनिक मालमत्ता झाली. पारूकाकू रोज सकाळी फाटकातून ओरडून विचारायच्या, "आज किती बदक?" आईने स्वतः कर्जतला जाऊन जाड तळाचे बूट आणले. बर्फाचा ट्रे भरून ठेवायचं काम बाबांकडे आलं आणि त्यांनी ते चष्म्याइतकंच मन लावून केलं. टाच खरोखर सुधारत होती. सपाट रस्त्यावर हळू पळणं जमत होतं. पण सुरभीताईने एक परीक्षा सांगितली होती. एका पायावर, न दुखता, पंचवीस वेळा चवड्यावर उभं राहायचं. डाव्या पायाला ते हसत-खेळत यायचं. उजवा चौदाला थांबायचा. सोमवारी चौदा, मंगळवारी चौदा, बुधवारी अंतराने दात-ओठ खाऊन पंधरा केले आणि गुरुवारी सकाळी मोरीपर्यंत पुन्हा बदक गेलं.

गुरुवारी संध्याकाळी चहाच्या वेळी आईबाबा दोघंही तिची वाट पाहत बसले होते. बाबांनी पेपर उघडलाही नव्हता.

"शनिवारचं सगळं ठरलंय," आई म्हणाली. "सोनाबाईंच्या मुलाचा, पोपटचा, टेंपो सांगितलाय. आपली सगळी गल्ली येतेय. सोनाबाईंच्या वाडीतून नऊ जणी येतायत, त्यांनी भाताची झोडणी एक दिवस पुढे ढकलली. पारूने बॅनर केलाय, त्यावर तुझा फोटो आहे आणि खाली तुळस आहे."

"फोटो जरा हललेला आहे," बाबा म्हणाले. "पण लांबून चांगला दिसतो. आणि हे बघ, नंबर आला नाही तरी चालेल. फक्त तू पळ."

"नंबर का नाही येणार?" आई म्हणाली.

अंतराने चहाचा कप खाली ठेवला. महिन्याभरापूर्वी तिला पळायला मिळावं म्हणून तिने याच दोन माणसांपासून मोज्यातलं कापड लपवलं होतं. आता तीच दोघं तिच्यापुढे बसून, तिने पळावं म्हणून तिच्या तोंडाकडे पाहत होती. हे तोंड कोणी विचारलं की 'टाका की' म्हणायचं. आज त्याने जरा वेळ घेतला.

"आई, बाबा, मी शनिवारी पळणार नाहीये," ती म्हणाली. "अजून सात आठवडे बाकी आहेत, ते पूर्ण करणार. पंचवीस झाल्याशिवाय शर्यत नाही. पुढच्या वर्षी पळीन, आणि तेव्हा जिंकायलाच पळीन. सरांना मी उद्या सकाळी स्वतः सांगते. सोनाबाईंना कोण सांगणार, ते तेवढं तुम्ही दोघांनी ठरवा."