ओढ, उझी, ओढ!

"ब्रेकचं काम? हातचा मळ आहे!" गर्शोन तळकरने शुक्रवारी सकाळी बनियनवरच जाहीर केलं.

"अहो, गॅरेजवाल्याला दाखवा. आज दादा येतोय," येहुदित म्हणाली.

"मुंबईत बस डेपोत होतो मी, विसरलीस?"

येहुदित विसरली नव्हती. डेपोत नवरा तिकीट खात्यात होता, हेही ती विसरली नव्हती. पण शुभकार्याला नाट नको म्हणून ती कणीक मळायला गेली.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ शौल. दुपारच्या विमानाने तो लोदला उतरणार होता. ही दोघं मुंबई सोडून इकडे ज्यूंच्या देशात यायला निघाली, तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर चारचौघांत तो म्हणाला होता, "जा, तिकडे ढेकळं फोडत बस!" ते बोलणं गर्शोनला माशाच्या काट्यासारखं घशात टोचत होतं. कारखान्यात खपून, पोटाला चिमटा घेऊन त्याने एक म्हातारी इंग्रजी मोटार घेतली ती याच दिवसासाठी. मेव्हण्याला आपल्या मोटारीतून घरी आणायचं! फक्त थांबताना ती अशी किंचाळायची, की त्यांच्या रामला गावाची अर्धी वस्ती खिडकीत यायची.

गर्शोनने मागची चाकं काढली. झिजलेल्या ब्रेकपट्ट्या काढून नव्या बसवल्या. ब्रेकच्या तेलाची नळीही उगीचच सोडवून पुन्हा जोडली, कारण डेपोतला मिस्त्री तसं करायचा. शेवटी चाकं चढवली, तर एक स्प्रिंग उरली.

"ही कुठली हो?" येहुदितने डोकावून विचारलं.

"कंपनी एखादी जादा देतेच!"

आता परीक्षा. शेजारचा उझी मदतीला धावून आला. माणूस कपाटाएवढा, मनाने सोन्यासारखा, पण मराठीचं अक्षर येत असेल तर शपथ!

"ब्रेक्सिम?" त्याने विचारलं. इथले लोक इंग्रजी अनेकवचनावर आणखी हिब्रू अनेकवचन चढवतात. एकाने भागत नाही त्यांचं!

गर्शोनने त्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि मोडक्यातोडक्या हिब्रूत समजावलं, की पेडल दाबून धर आणि हँडब्रेक हळूहळू सैल कर. स्वतः मागच्या चाकाशी उकिडवा बसला. उझीने हँडब्रेक जरासा सैल केला. पेडल लोण्यात बोट जावं तसं तळाला गेलं, आणि गाडी उताराला सरकली!

गर्शोनची हिब्रू तिथेच पळाली. राहिली फक्त आईची भाषा.

"ओढ! हँडब्रेक ओढ!"

आता हिब्रूत 'ओद' म्हणजे 'आणखी'. उझीने मान डोलावली आणि हँडब्रेक आणखी सैल केला.

"अरे ओढ! ओढ! ओढ!"

"ओद? बेसेदर!" म्हणजे ठीक आहे म्हणत उझीने तो पुरताच सोडून दिला.

गाडी सुटली! शेजारणीच्या कोंबड्या उधळल्या, दोरीवरची चादर टपावर आली. मागून गर्शोन काळे हात उंचावून "ओढ! ओढ!" करत धावतोय. येहुदित पिठाच्या हातांनी खिडकीत आली.

"अहो, हिब्रूत सांगा त्याला!"

"आठवत नाहीये!"

समोरून एक टॅक्सी चढ चढत होती. उझीने स्टिअरिंग गरकन फिरवलं. गाडी टॅक्सीला वितीवरून चुकवून बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घुसली आणि थांबली.

टॅक्सीतून सुटाबुटातला शौल उतरला. विमान वेळेआधीच आलं होतं! गर्शोनला वाटलं, आपणही त्या वाळूत शिरावं. उझी मात्र शांतपणे खाली उतरला, टोपी सारखी केली, पाव्हण्याला मान लववली आणि त्याची बॅग उचलली.

शौल बघतच राहिला.

"गर्शोन, मोटार घेतल्याचं येहुदितनं कळवलं होतं. ड्रायव्हर ठेवलायस ते नाही कळवलं! मानलं बाबा तुला. तेव्हा मी बोललो ते चुकलंच माझं."

गर्शोनचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, छाती वीतभर फुगली.

"पण काय रे," शौलने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, "ड्रायव्हर आत, आणि मालक बनियनवर मागनं पळतोय?"

"डॉक्टरनं सांगितलंय, शौलभाऊ," गर्शोन धापा टाकत म्हणाला. "पोट कमी करायला!"