डेल्बर्टरावांचा फुकटातला कर

बायको गेल्यापासून डेल्बर्ट क्राउझे यांना दोन गोष्टी जमेनात: अंडं उकडणं आणि आयकराचा फॉर्म भरणं. अंड्यावाचून चालून जाई, पण एप्रिलची मुदत अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या विधुरांसाठी थांबत नाही.

हिशेबनीसाने दोनशे ऐंशी डॉलर सांगितले. कॉम्प्युटरवरची ‘मोफत’ सोय शेवटच्या पानापर्यंत मोफत होती, मग तिने कार्डाचा नंबर मागितला. (डेल्बर्टरावांनी प्लगच उपटला.) शेवटी फुकट ते पौष्टिक म्हणून ते वाचनालयात गेले. तिथे दर मंगळवारी निवृत्त मंडळी लोकांचे फॉर्म विनामूल्य भरून देत.

टेबलापलीकडे ओपल हॅन्सन, गणिताच्या माजी शिक्षिका.

"घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही." त्या दिवसातलं हे त्यांचं पहिलंच बोलणं होतं.

"आणि कमाई?"

"सरकारी पेन्शन, बस."

"तिचा कागद आणलात?"

तो खिशातच होता. "अरेरे, विसरलो!"

"मग पुढच्या मंगळवारी या."

झालं! पुढच्या खेपेला बँकेचा कागद विसरला, त्यापुढच्या खेपेला चष्मा. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून दर वेळी बेकरीतले दालचिनीचे रोल. पेट्रोल धरून चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला झाला. पण घरी फ्रिजची घरघर ऐकण्यापेक्षा ओपलबाईंच्या गुडघ्याची तक्रार ऐकणं किती बरं!

मुदतीआधीच्या शेवटच्या मंगळवारी डेल्बर्टरावांनी दाढी केली आणि जड मनाने सगळे कागद टेबलावर ठेवले. बाईंनी ते उघडलेसुद्धा नाहीत.

"अहो डेल्बर्ट, नुसत्या सरकारी पेन्शनवर फॉर्म भरावाच लागत नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" डेल्बर्टरावांच्या मनात लाडू फुटले.

बाईंनी भिंतीलगतच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे तीन म्हातारे मांडीवर खाऊचा डबा घेऊन बसले होते. "त्यांनाही भरावा लागत नाही. पण हे सांगितलं, तर मंगळवारी बिचारे जाणार कुठे? आज मात्र टेबल बंद होतंय, आता सांगायलाच हवं. आणि रागावू नका, पण त्यातल्या मर्व्हिनचा केक तुमच्या रोलपेक्षा चांगला असतो."

डेल्बर्टराव बाकावर चौथे जाऊन बसले. मर्व्हिन सरकला आणि हळूच म्हणाला, "आज काय विसरलात?"

"काही नाही. सगळं आणलंय."

मर्व्हिनने त्यांच्याकडे कीव करून पाहिलं.

"नवीन दिसताय."