दोनशे बारा हरकती आणि एक पत्र

दुकानाबाहेरच्या टेबलाशी बसून घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि वरून थेंब पडला, तो नेमका उघड्या घड्याळाच्या पोटात. वरच्या मजल्यावर त्यांची वहिनी राहायची, थोरल्या भावाच्या माघारी एकटीच. ती दोन लॉजच्या चादरी धुऊन रस्त्याकडच्या बाल्कनीत वाळत घालायची, त्यावरच तिचं घर चालायचं. तिला तोंडावर बोलायची घड्याळजींची काय बिशाद! म्हणून नगरपालिकेने ‘रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालण्यास बंदी’ असा मसुदा काढून नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या, तेव्हा रागाच्या भरात त्यांनी गुपचूप पत्र टाकलं, ‘बंदी व्हावीच.’ असली पत्रं कोण वाचतंय, असं त्यांना वाटलं.

आठवड्याने वहिनी कागदांचा गठ्ठा घेऊन खाली आली. चेहरा पार उतरलेला.

“भाऊजी, हा नियम झाला तर मी खाऊ काय? दोनशे बारा घरं फिरले, सगळ्यांच्या हरकती आणल्यात. उद्या शेवटचा दिवस. तेवढं नेऊन द्याल ना? तुमच्याशिवाय आहे कोण मला?”

घड्याळजींनी मान डोलावून गठ्ठा घेतला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताना त्यांनी ठरवलं, आधी आपलं पत्र परत घ्यायचं, मग गठ्ठा द्यायचा.

“मागे घ्यायला अर्ज लागतो. खिडकी सात,” पहिल्या खिडकीतला कारकून म्हणाला. सातने चारकडे पिटाळलं. चार चहाला गेली होती. शेवटी घड्याळजी धापा टाकत पहिल्या खिडकीशी परतले, तर कारकून कुलूप लावत होता.

“पाच वाजले.”

“अहो, तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे.”

“असेल. इथे तेच चालतं. उद्या द्या, घेऊ की.”

गठ्ठा दुसऱ्या दिवशी गेला. पत्र होतं तिथेच राहिलं. वहिनीला त्यांनी एवढंच सांगितलं, “दिलं.” मग मात्र त्यांना ना झोप लागे, ना घास उतरे.

सुनावणीला अख्खी गल्ली लोटली. वहिनी पहिल्या बाकावर, शेजारी घामाघूम घड्याळजी.

अधिकारी बाई म्हणाल्या, “दोनशे बारा हरकती एक दिवस उशिरा आल्या, त्या बाद. मुदतीत एकच पत्र आहे. कोणाचं ते?”

वहिनी पांढरीफटक पडली. घड्याळजी कसेबसे उभे राहिले.

“अगं बाई, भाऊजी, तुम्ही आपली हरकत वेगळी दिली होतीत?” वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वाचू का?” बाईंनी विचारलं.

“नको, नको. म्हणजे, मी तोंडीच बोलतो. चालेल ना?”

“चालेल. तोंडी म्हणणंच अंतिम धरतो आम्ही.”

घड्याळजी जन्मात चारचौघांत बोलले नव्हते. “चादरी बंद झाल्या तर या बाईंची चूल बंद होईल. खाली पाणी टपकतं, हे खरं. पण ज्याच्यावर टपकतं त्याने टेबल सरकवावं. इतके दिवस त्याने अक्कल गहाण ठेवली होती.”

बाईंनी पत्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि पत्र उलटं ठेवलं. “हरकत मान्य. बाल्कनीचं कलम वगळण्यात येत आहे.”

टाळ्या वाजल्या. वहिनी तडक कारकुनाकडे गेली. “भाऊजींचं ते पत्र मिळेल का हो मला? फ्रेम करून दाराशी लावते.”

“का नाही? जाहीर कागद आहे, कुणीही नक्कल मागावी. अर्ज लिहा.”

वहिनीने कोरा कागद घड्याळजींपुढे सरकवला. “तुम्हीच लिहा, भाऊजी. आनंदाने माझा हात थरथरतोय बघा.”

थरथरत घड्याळजींचाही होता.