लिफ्टमधला चिखल

नागपुरात अजून चार भले लोक निर्धास्त झोपतात याचं कारण पोलीस नसून आपण आहोत, अशी आनंदरावांची खात्री होती. जन्मभर विजेचे मीटर तपासल्यामुळे माणसाचाही काटा वाचता येतो, असं ते सांगत. आजवर त्यांनी पकडलेला एकमेव चोर त्यांचाच जावई होता, आणि तो चोर नव्हता. त्यांच्या मदतनीस म्हणजे वरच्या मजल्यावरच्या चारुशीलाताई. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत; नाही म्हणायला मात्र त्या कधी शिकल्या नव्हत्या.

शहराच्या बेसा भागातल्या त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज संध्याकाळी काळा चिखल सापडू लागला. प्रकरण गंभीर होतं, कारण सोसायटीत माती उरलीच नव्हती. पोरांच्या खेळायच्या जागेवर सिमेंटचे गट्टू बसवून पार्किंग केलं होतं. त्याआधी मुलांचंही मत घ्यावं म्हणून चित्रस्पर्धा ठेवली होती. पोरांनी झाडं काढली. मग सोसायटीनंही काढली.

सेक्रेटरी दुर्गेशभाऊ म्हणाले, "चिखल कुठून येते ते शोधा. तिथं सिमेंटच ओततो."

आनंदरावांनी चिखल हुंगला, मग चाटला. "कन्हान नदीचा गाळ. पार खापा गावाहून आणला."

"लिफ्टमध्ये टाकायला?" चारुशीलाताईंनी विचारलं.

"तेच तर कोडं आहे, मॅडम!"

दुसऱ्या दिवशी खाप्याचा तर्क मागे पडला. ठसे वीतभर होते, त्यावरून टोळी बुटक्यांची असल्याचं सिद्ध झालं. बुटके काहून? बोगद्यात वाकावं लागत नाही. बोगदा कुठवर? थेट इतवारीच्या सराफ्यापर्यंत.

"एवढ्या लांब?"

"म्हणून तर रोज येऊन राहिले ना!"

चारुशीलाताई आनंदरावांच्या घरी गेल्या, तेव्हा त्यांच्या पत्नी रंभाबाई नातीचा, उन्नतीचा, फ्रॉक धूत होत्या. "पाय जपून वं चारू, चिखल आहे."

फ्रॉकच्या खिशातून बोरं निघाली. "इथं बोर कुठे आहे?" चारुशीलाताईंनी विचारलं.

"सारेच पोट्टे जातात," रंभाबाई म्हणाल्या. "मागच्या भिंतीच्या विटा निघाल्या, तिथून रिकाम्या प्लॉटात. बोरीखाली बाटलीतलं पाणी ओततात अन् लोळतात."

"आनंदरावांना माहीत नाही?"

"पोरीनं चित्र काढून सांगितलं. यायनंच फ्रेम करून सोसायटीच्या हॉलमध्ये टांगलं! पण बोलू नको वं. दुर्गेश भोक बुजवल, मग पोट्टे जातीन कुठं?"

रविवारी हॉलमध्ये सभा भरली. आनंदराव बोगद्यावर बोलत होते. त्यांच्या डोक्यावर उन्नतीचं ते फ्रेममधलं चित्र होतं: भिंत, भिंतीला भोक, पलीकडे बोर, बोरीखाली काळी-काळी हसरी पोरं. खाली लिहिलं होतं, 'आमची जागा'.

दुर्गेशभाऊ वैतागले. "बोगदा-फिगदा राहू द्या. मी उद्या मागची भिंतच पाहतो. मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या, तुम्हीच सांगा यायले."

चारुशीलाताई उठल्या. पुराव्याशिवाय त्या कधी बोलल्या नव्हत्या. दारात उन्नती श्वास रोखून उभी होती. तिची नखं काळी होती.

"आनंदरावांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे काही सापडायचं नाही. बोगद्याचं तोंड पार्किंगखाली असणार. गट्टू उखडावे लागतील."

आनंदराव थक्क झाले. आपण इतके बरोबर असू, अशी त्यांचीही अपेक्षा नव्हती.

"अन् उद्या पोलिसांनीच बोगदा शोधून काढला तर?" मागून कोणीतरी म्हणालं. "फ्लॅटचे भाव काय राहतीन गा? त्याआधी आपणच उखडून पाहू."

दुर्गेशभाऊ खाली बसले.

गट्टू निघाले. खाली बोगदा नव्हता. नुसती काळी, भुसभुशीत माती होती. टोळी बोगदा बुजवून पळाल्याचं आनंदरावांनी जाहीर केलं आणि पुरावा म्हणून जागा तशीच उघडी ठेवायला लावली.

संध्याकाळी लिफ्टमध्ये दुप्पट चिखल सापडला.

"मॅडम," आनंदराव कुजबुजले, "टोळी वाढली!"