कढीपत्त्याच्या कुंडीतला ऑट्टो

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एक बेडूक आहात. डबक्यात डरावणारा नाही, आफ्रिकेतल्या कोरड्या माळावरचा. पाऊस संपला की मागच्या पायांनी माती उकरत तुम्ही उलटे उलटे जमिनीत शिरता आणि महिनेन् महिने गप्प बसून राहता. आता कोणी तुम्हाला माती भरलेल्या डब्यात घालून एका मराठी घरात आणून ठेवलं, तर? वरून पाहणाऱ्याला फक्त माती दिसेल. रुहीच्या घरी नेमकं हेच झालं.

रुही अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहते, चौथीत आहे. तिच्या वर्गात लिंबाएवढा एक आफ्रिकन बुलफ्रॉग आहे, ऑट्टो नावाचा. स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत त्याला घरी न्यायचा मान यंदा रुहीला मिळाला, कारण वर्गात सगळ्यात नीट नोंदी तिच्या. सोबत नोंदवही होती: तारीख, वेळ, कुठे दिसला, कशावरून ओळखला. पहिल्याच पानावर वर्गाच्या बाई मिस हॉलोवे यांचा नियम होता, ‘आधी लिहायचं, मग हात लावायचा.’ शिवाय त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की सोमवारी ऑट्टो सुखरूप परत आला नाही, तर वर्गातला प्राणी पुन्हा कधीच कोणाच्या घरी जाणार नाही.

रुहीने ऑट्टोचा मातीने भरलेला डबा उबदार लाँड्री रूममध्ये ठेवला. तिची आई सीमा तेव्हा ऑफिसच्या कामाने अटलांटाला होती. शनिवारी सकाळी ती परतली, तेव्हा बाबा रुहीला स्विमिंगला घेऊन गेले होते. लाँड्री रूममध्ये सीमाला डबाभर भुसभुशीत, ओलसर माती दिसली. ऑट्टोच्या नावाचं लेबल भिंतीकडे होतं. कढीपत्त्याला मोठी कुंडी हवी, माती आण, असं ती नवऱ्याला, म्हणजे प्रसन्नला, तीन आठवडे सांगत होती. आपण घरी नसताना, पुन्हा आठवण न करता त्याने आणली, या विचाराने तिचा ऊर भरून आला. तिने डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, कढीपत्ता नव्या कुंडीत उभा केला, कडेने सगळी माती ओतली, डबा साबणाने दोनदा घासला आणि त्यात चिवडा भरला. चांगला डबा रिकामा ठेवायची त्या घरात रीतच नव्हती.

“आई, या डब्यात चिवडा का आहे?” रुहीने आल्या आल्या विचारलं.

“डबा छान आहे म्हणून. पण झाकणाला ही भोकं कोणी पाडली? सादळेल ना सगळा. प्रसन्न, तू?”

प्रसन्नने हातातला मूठभर चिवडा हळूच परत डब्यात सोडला. “सीमा, यातली माती कुठेय?”

“कुंडीत. थँक यू हं. पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी आणलंस.”

“मी नाही आणली. त्यात बेडूक होता.”

सीमाने चिवड्याकडे पाहिलं. “मी दोनदा घासलाय,” ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

“मग कुंडी रिकामी करू,” रुही म्हणाली.

“हात लावायचा नाही. थेट पार्सिपनीहून, सुमित्रा मावशीकडून एवढंसं रोप मांडीवर घेऊन आलेय मी. आठ वर्षं जगवलंय. आत्ता मुळं हलली तर गेलंच ते.”

प्रसन्न खुरपं घेऊन तडक डेककडे गेला. अर्ध्या तासाने ओंजळ मिटून परत आला. “सापडला. डेकखालच्या मातीत घुसून बसला होता. कुंडीतून पळाला असणार.”

“बघ, उगाच घाबरलो,” सीमा म्हणाली. दोघांनी त्या बेडकाकडे इतक्या मायेने पाहिलं, की तोच अवघडला असेल.

रुहीने टॉर्च आणि वही आणली. “बाबा, याच्या डोळ्यातली बाहुली उभी आहे, मांजरासारखी. ऑट्टोची आडवी असते. आणि त्याच्या पाठीवर लांब लांब घड्या आहेत, याच्या नाहीत. दिस इज नॉट ऑट्टो. हा इथलाच स्पेडफूट बेडूक आहे.”

“अगं, हा पण मातीतच घुसतो की.”

“घुसतो. दोघांच्याही मागच्या पायांना छोटं खुरपं असतं. म्हणून तर लोक फसतात.”

“मिस हॉलोवेंना काय कळणार आहे यार?”

“मला कळलंय ना.”

पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाने ओंजळ तिच्यापुढे केली.

रुहीने आधी स्पेडफूटला त्याच्या जागी नेऊन सोडलं. मग वहीची मागची पानं चाळली. फेब्रुवारीतली एक नोंद तिच्याच अक्षरात होती: ‘कबीरची पाण्याची बाटली डब्यात सांडली. सतरा मिनिटांनी ऑट्टो वर आला.’ त्या दिवशी कबीर बोलणी खात होता, बाकीची मुलं हसत होती, आणि ही घड्याळ बघत होती.

“आई, त्याला पाऊस हवाय. आपण पाडूया.”

“जास्त पाणी झालं की मुळं कुजतात, रुही.” सीमाने झाडाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि झारी स्वतःच भरून आणली.

रुही थेंब थेंब पाणी घालत राहिली. दहा मिनिटं. पंधरा. सतरा झाली, तरी काही नाही. सीमाने कढीपत्त्याचं एक पान उगाच पुसलं. एकोणिसाव्या मिनिटाला माती फुगली आणि दोन डोळे वर आले. बाहुल्या आडव्या.

“पकड, पकड,” प्रसन्न कुजबुजला.

“आधी लिहायचं.”

तिने वेळ लिहिली, जागा लिहिली, खुणा लिहिल्या. ऑट्टो चावतो हे तिच्याकडून ऐकून प्रसन्न भांडी घासायचे हातमोजे शोधायला गेला. तो एकच मोजा घेऊन परतला, तेव्हा रुही शेवटच्या ओळीवर होती आणि ऑट्टो मागच्या मागे पुन्हा मातीत उतरला होता.

“अजून पाणी घालू?”

“नाही,” मायलेकी एकदम म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सीमाने आठ वर्षं कोणाला हात लावू न दिलेला कढीपत्ता कुंडीसकट गाडीत ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला.

मिस हॉलोवे यांनी वर्गात उभ्या उभ्या वही वाचली. चिवड्यापर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. “हा भाग गाळला असतास, तरी चाललं असतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

“पण तो झाला होता,” रुही म्हणाली.

मिस हॉलोवे यांनी वही मिटून दोन्ही हातांनी तिला परत दिली. मग कुंडीकडे वळून म्हणाल्या की ऑट्टोला जागा मानवलेली दिसते, जूनमध्ये शाळेचं वर्ष संपेपर्यंत आता त्याला हलवायला नको. दारात उभ्या सीमाने कढीपत्त्याकडे एकदा पाहून घेतलं आणि मान डोलावली.

रुहीने आईकडे पाहिलं. मग बाईंकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि कुंडीवर एक चिठ्ठी लावली: ‘खाली ऑट्टो आहे, उकरू नका. वरची पानं माझ्या आईची आहेत. ती दर शुक्रवारी येईल, तिला आत सोडा.’