काठातलं वजन

शिंप्याने बायकोचा झगा पहिल्यांदा आत घेतला तो दुपारी, ती डुलकी काढत असताना, आणि आपण फार शहाणपणाचे काम केले असे त्याला वाटले. वाटणारच. घोळ घालणाऱ्या माणसाला सुरुवातीला नेहमी तसेच वाटते.

झाले होते असे, की बायकोच्या पोटात गाठ होती आणि ती काढायची होती. पण डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभे केले आणि नकारार्थी मान हलवली. आधी ताकद भरून काढा, मग ऑपरेशन. नुसते पोट भरून भागणार नाही, प्रथिने हवीत. अंडी, डाळी, दूध, मासे, जे जाईल ते. टाके आम्ही घालू, पण जखम भरण्याचे काम शरीराचे, आणि त्याला प्रथिने लागतात. बाहेरून मिळाली नाहीत तर ते स्वतःचेच स्नायू मोडून वापरते. शिंप्याला हे अगदी बरोबर समजले. पाठीला ठिगळ हवे म्हणून त्याच कोटाच्या बाह्या कापायच्या, असला हा प्रकार.

घरी येऊन तो अंडी उकडायला लागला. ती एक खायची, तेही अर्धे. अन्नाचा वास आला तरी तोंड फिरवायची. एक दिवस पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानातच, गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या मोठ्या आरशात तिने स्वतःला पाहिले. झगा खांद्यांवरून नुसता लोंबत होता. त्या दिवशी तिने ते अर्धे अंडेही खाल्ले नाही. शिंप्याला राहवेना. ती झोपल्यावर त्याने झग्याच्या दोन्ही बाजू उसवल्या आणि बोटभर आत घेतल्या. जास्तीचे कापड मात्र कापले नाही. ते आतच दुमडून ठेवले, पुढे लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी झगा अंगाबरोबर बसला. "बघ, खाल्लेलं अंगाला लागतंय," शिंपी म्हणाला. "हो की," बायको म्हणाली. त्याचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ राहिला नाही. कारण संध्याकाळी अंडी पुढे ठेवली तर ती म्हणाली, झगा तर चांगला बसतोय, आता आणखी खाऊन काय फुटू का? शिंप्याने अंडी परत झाकून ठेवली.

मग चक्रच सुरू झाले. ती कमी खायची म्हणून वाळायची, वाळायची म्हणून हा कपडे आत घ्यायचा, कपडे बसायचे म्हणून ती आणखी कमी खायची. एकदा तर काळजीच्या भरात त्याने तिचा कोट जरा जास्तच आत घेतला. बटण लागेना. बायकोने जाहीर केले की आपण जाड झालो, आणि दूधही बंद केले. शिंप्याने कपाळाला हात लावला. खरे सांगावे तर ती खचेल, न सांगावे तर ती जाईल. ती समोर उपाशी बसलेली असताना त्याच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. आपले ताट तो झाकून ठेवायचा, मग जेवतो म्हणायचा आणि मशीनवर जाऊन बसायचा.

तपासणीचा दिवस उजाडला. आदल्याच दिवशी त्याने झगा आणखी आत घेतला होता, त्यामुळे काटा काय सांगणार हे त्याला पाठ होते. बायको वर चढली. सुई हलली, थरथरली आणि मागच्या वेळेपेक्षा चांगली पुढे जाऊन थांबली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू म्हणाल्या.

इतर कोणी असता तर पेढे वाटायला धावला असता. शिंपी मात्र वाकून सुई पुन्हा पुन्हा पाहू लागला. "बाई, तुमचा काटा बिघडलाय," तो म्हणाला. त्या म्हणाल्या, काटा ठीक आहे. हा म्हणाला, शक्यच नाही. शेवटी त्या स्वतः वर चढल्या, आणि त्यांना काही फारसे आवडले नाही, पण काटा ठीकच होता. मग शिंप्याला सगळे सांगावे लागले. सांगताना त्याने बायकोकडे एकदाही पाहिले नाही. आत घेतलेले कपडे, दुमडलेले कापड, सगळे ओकून टाकले. डॉक्टरीणबाई वाकल्या आणि शिवणी चाचपू लागल्या. हात खाली घेरापर्यंत गेला तेव्हा आत काहीतरी खुळखुळले.

पडदे सरळ पडावेत म्हणून त्यांच्या काठात शिशाच्या गोळ्या घालतात. त्याच होत्या, झग्याच्या घेरभर. दुकानातला अख्खा डबा रिकामा झाला असणार. वर नाजूक हातशिलाई होती, आणि अशी हातशिलाई शिंप्याला कधीच जमली नव्हती.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारले.

"लग्न झाल्यापासून तुमच्या कपड्यांना काजं करतेय. तुमची शिवण ओळखणार नाही का मी?"

"मग खात का नव्हतीस?"

"जात नव्हतं हो. आणि कपडे बसतात हे कारण तुम्हीच हातात दिलंत, ते बरं पडलं."

"आणि हे शिसं?"

"सुई एकदा वर गेलेली दिसली असती, तर तुम्ही तरी जेवला असता. रोज झाकलेलं ताट सकाळी मीच उचलते ना."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या काढायला लावल्या आणि पुन्हा वजन केले. सुई कुठे थांबली ते इथे सांगत बसत नाही. मग त्यांनी शिंप्यालाही वर चढवले आणि त्यालाही तेच खायला सांगितले. महिनाभर मुदत दिली. त्यानंतर थांबण्यात अर्थ नाही, हेही सांगितले.

घरी आल्यावर शिंप्याने एकेक शिवण उसवली. बायको समोर बसून दोरे वेचत होती. मग तिने मोकळा झालेला झगा घातला आणि दोघे आरशापुढे उभे राहिले, खुंटीला टांगलेल्या दोन कपड्यांसारखे. ती बराच वेळ पाहत राहिली. शिंपी मात्र आरशाकडे पाठ करून रडला.

"अंडी आणा," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही."

त्याने एक घास खाल्ला की ती एक खायची. तो गिळेपर्यंत वाट पाहायची, आणि मग डोळे मिटून औषधासारखा आपला गिळायची. कधी उलटायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी काट्यावर चढवायच्या आधी दोघांचेही काठ चाचपले. काही खुळखुळले नाही. सुई फार नाही, जेमतेम हलली. पण जेवढी हलली तेवढी सगळी बायकोची होती. जोखीम आहे, पण करू, असे म्हणून डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी बायकोने जाताना आपला झगा घडी करून त्याच्याकडे दिला. "हा आत घेऊ नका," ती म्हणाली, आणि तिला आत नेले. शिंपी बाहेरच्या बाकावर झगा मांडीवर घेऊन बसला आणि डब्यातले उकडलेले अंडे सोलू लागला.